न टोचलेला काटा

भाऊबीजेच्या दिवशी भावाला ओवाळताना बहीण मनात काय म्हणते, हे ती कुणाला सांगत नाही. मी मात्र गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे एकच म्हणत आले : दादाला उदंड आयुष्य मिळो. आणि हे म्हणून झाले, निरांजनाचे तबक खाली ठेवले, की लगेच त्याच्या ताटात आणखी दोन करंज्या वाढत आले. या दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात, हे माझ्या ध्यानात यावयास फार उशीर झाला.

अंगाने भरलेला माणूस म्हणजे खात्यापित्या घरचा माणूस, अशी आमच्या घरात समजूत होती. वडील काटक होते. पण ती काही त्यांची हौस नव्हती, गरिबी होती. दादाला नोकरी लागली, लग्न झाले, आणि चाळिशीत त्याचे पोट सुटले, तेव्हा आईला कोण आनंद झाला! "सून हाताला चवीची निघाली हो," असे ती शेजारणींना सांगे. हातपाय बेताचेच, पण पोट पुढे. कमरेचा पट्टा दर दोन वर्षांनी एकेक भोक सैल होई. दादा हसून म्हणे, "मास्तरीणबाई, ही माझी शिल्लक आहे. बँकेत नसली तर नसली, अंगावर आहे."

चार वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत त्याच्या पायांना सूज आली. अभ्यंगस्नानाला बसला, तर घोट्यावर बोट दाबलेली जागा तशीच खोल राहिली. पुढे तपासण्या झाल्या, मूत्रपिंडाचा बारीक तुकडा सुईने काढून पाहण्यात आला, आणि डॉक्टरांनी सांगितले, "लठ्ठपणामुळे मूत्रपिंडांना इजा झाली आहे. आत दाह आहे. तुमच्याच रक्तातल्या संरक्षक पेशी तिथे जमून बसल्या आहेत."

दादाने विचारले, "डॉक्टर, मला साखर नाही, खडा नाही, कधी मार लागला नाही. काटा टोचला, तर तिथे सूज येते, पू होतो, हे मला समजते. पण इथे काटा कुठे आहे?"

डॉक्टर हसले. बाहेर रोगी ताटकळत होते. प्रश्न तसाच आमच्याबरोबर घरी आला.

मी तेहेतीस वर्षे हायस्कुलात इतिहास शिकवला. वैद्यकाशी माझा संबंध औषधाच्या बाटलीपुरता. पण इतिहासाच्या मास्तरांना एक खोड असते : प्रश्न पडला की ते मागे जातात. मीही गेले, आणि दादाचा हाच प्रश्न एकशेचाळीस वर्षांपूर्वी उलट बाजूने विचारला गेला होता, हे पाहून चकित झाले. वाचकहो, दिवाळीत रोगाची कथा कशाला, असे आपण म्हणाल. पण ही कथा सुरू होते ती एका सणाच्या दिवसांतच.

१८८२ साल. सिसिली बेटावरील मेसिना गावी एल्या मेच्निकॉव्ह नावाचा प्राणिशास्त्रज्ञ समुद्रकाठी राहत होता. मूळचा तो खार्कोव्ह भागातला. ओडेसाच्या विद्यापीठातली प्राध्यापकी सोडून इकडे आलेला. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहण्यास गेली आणि हा एकटाच सूक्ष्मदर्शकापाशी बसून राहिला. काचेखाली होती तारामाशाची अगदी लहान, पारदर्शक पिल्ले. त्यांच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे फिरताना दिसत होत्या. त्याच्या मनात आले : या पेशी नुसत्या भटकत नसतील, बाहेरून कुणी शत्रू आत शिरला तर त्याच्यावर धावून जाणे हेच त्यांचे काम असेल. हे खरे असेल, तर या पिल्लाच्या अंगात काटा रुतवला की त्या काट्याभोवती जमल्या पाहिजेत.

घराला लहानशी बाग होती. मुलांसाठी नाताळचे झाड म्हणून थोड्याच दिवसांपूर्वी तिथले संत्र्याच्या जातीचे एक झाड सजवले होते. त्याच बागेतून त्याने गुलाबाचे काटे तोडून आणले आणि पिल्लांच्या पातळ कातडीखाली सरकवले. रात्रभर त्याला झोप आली नाही. पहाटे पाहतो, तो प्रत्येक काट्याभोवती फिरत्या पेशींचे कडे पडलेले! पुढे व्हिएन्नाच्या क्लाउस या प्राध्यापकाच्या सूचनेवरून या पेशींना ग्रीक शब्दांतून नाव मिळाले फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी. १९०८ साली मेच्निकॉव्हला पाउल एर्लिख याच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. ओडेसात त्याच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. वाल्डेमार हाफकिन. १८९६ च्या प्लेगात तो मुंबईस आला, १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस त्याने आधी स्वतःला टोचून घेतली, आणि परळची हाफकिन संस्था त्याचेच नाव आजही चालवते. संरक्षक पेशींच्या शास्त्राचे एक बीज असे आपल्या परळातही पडले.

मेच्निकॉव्हने काटा आधी टोचला आणि मग पेशी पाहिल्या. दादाला पेशी आधी सापडल्या, आणि तो काटा शोधीत होता.

आता मूत्रपिंडाकडे वळू. पाठीशी, बरगड्यांच्या आसऱ्याला असलेले हे दोन अवयव. वजन प्रत्येकी जेमतेम दीडशे ग्रॅम. १६६६ साली बोलोन्याच्या मालपीगीने मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत काळा द्रव सोडून पाहिले, तो आत झाडाला सफरचंदे लटकावीत तसे इवलेसे गोळे लटकलेले दिसले. हे गोळे म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचे गुंते. एकेका मूत्रपिंडात असे सुमारे दहा लाख गुंते असतात, आणि दोन्हीकडची ही गाळणी मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातले बहुतेक सारे पुढच्या नळ्या परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर तेवढे लघवी म्हणून बाहेर पडते. गाळणीची जाळी इतकी चोख असते, की रक्तातले मोलाचे प्रथिन, अल्ब्युमिन, जवळजवळ निसटत नाही.

ते निसटू लागले तर? लंडनच्या गाइज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. अंगाला सूज आलेल्या रोग्याची लघवी ते चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरीत. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर थिजतो तशी ती थिजली, की तीत अल्ब्युमिन आहे असे समजावयाचे. असे रोगी दगावले की त्यांची मूत्रपिंडे ते उघडून पाहत, आणि ती बिघडलेली सापडत. १८२७ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केले. सूज, लघवीतले प्रथिन आणि रोगट मूत्रपिंड ही तीन टोके त्यांनी एका दोऱ्यात ओवली. चमचा आणि मेणबत्ती! दोनशे वर्षे होत आली, तरी आजही मूत्रपिंडाच्या दुखण्याची पहिली वर्दी बहुधा तीच असते : लघवीत उतरलेले अल्ब्युमिन. कधी ते जास्त असले तर लघवीला न विरणारा फेस येतो.

तिसरे पात्र चरबी. आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'अष्टौनिन्दितीय' नावाचा अध्याय आहे. तीत अतिस्थूल माणसाचे दोष मोजून सांगितले आहेत, आणि कमी आयुष्य हा त्यांतलाच एक. परंतु चरबी स्वतः काही करते, असे अर्वाचीन शास्त्रालाही फार काळ वाटले नाही. ती कोठीतल्या धान्यासारखी. पडून असते, दुष्काळात कामास येते. दादाची 'शिल्लक' ही कल्पना शास्त्रज्ञांचीही होती.

ती मोडली अगदी अलीकडे. १९९३ साली अमेरिकेत हॉटामिस्लिगिल, शार्गिल आणि स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे द्रव्य सापडल्याचे दाखवले. हे द्रव्य म्हणजे संरक्षक पेशींची दवंडी. शत्रू आला, धावा, असे सांगणारी. कोठीत धान्य असावे, तिथे दवंडी कशी? दुसऱ्याच वर्षी, १९९४ साली, जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला चरबीतून मेंदूकडे निरोप नेणारे लेप्टिन सापडले. मग २००३ साली एकाच वेळी दोन गटांनी जाहीर केले, की लठ्ठ शरीराच्या चरबीत मेच्निकॉव्हच्या भक्षक पेशी दाटीने बसलेल्या असतात. सडपातळ शरीराच्या चरबीत शंभर पेशींमागे दहाहून कमी, तर लठ्ठ माणसाच्या चरबीत चाळिसाच्या आसपास, असा त्यांतल्या एका गटाचा अंदाज होता.

त्या तिथे काय करतात? चरबीची पेशी फुगत फुगत जाते, तिला पुरेसा श्वास मिळत नाही, आणि काही पेशी मरतात. मेलेल्या पेशीभोवती भक्षक पेशी मुकुटासारखे कडे करतात. मेसिनाच्या पहाटेचे तेच चित्र, फक्त मधे काटा नाही. मधे आपलीच मेलेली पेशी आणि तिच्यातून सांडलेला मेद. शिवाय गर्दी आवरणाऱ्याही काही पेशी शरीरात असतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी त्या १९९५ साली ओळखल्या, आणि २०२५ चे नोबेल त्यांना दोन अमेरिकन शास्त्रज्ञांबरोबर त्याच कामासाठी मिळाले. निरोगी उंदराच्या पोटातल्या चरबीत या शांतता राखणाऱ्या पेशी पुष्कळ असतात. लठ्ठ उंदरात त्या फार कमी होतात, हे २००९ साली दिसून आले. म्हणजे दवंडी चालूच आहे, आणि 'आता घरी जा' म्हणणारे कमी झाले आहेत.

या तीन वाटा मूत्रपिंडात एकत्र येतात. लठ्ठ माणसाच्या लघवीत पुष्कळ प्रथिन सापडते, असे १९७४ साली वायझिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिले, तेव्हा ते एक नवल वाटले असेल. २००१ साली न्यूयॉर्कमध्ये पंधरा वर्षांतल्या ६,८१८ मूत्रपिंडांच्या तुकड्यांची छाननी झाली. लठ्ठपणाने बिघडलेल्या गाळण्यांचे प्रमाण १९८६ ते १९९० या काळात शेकडा ०.२ होते, ते १९९६ ते २००० या काळात शेकडा २ झाले. दहा वर्षांत दहापट! नवल संपले होते. रोग झाला होता.

घडते ते असे. शरीर वाढले की गाळण्यांवर काम वाढते. गुंते फुगतात. गुंत्याला बाहेरून बोटांनी धरून ठेवणाऱ्या काही पेशी असतात. त्यांची बोटे ताणली जातात. या पेशी सहसा नव्याने जन्मत नाहीत. एक सुटली की तिची जागा रिकामी राहते आणि जाळी फाटते. अल्ब्युमिन निसटून नळ्यांत येते. नळ्यांच्या पेशी ते शोषताना दमतात. त्यांच्यातही मेदाचे थेंब साचलेले असतात. दमलेली पेशी एमसीपी-१ नावाचे द्रव्य सोडते. ती भक्षक पेशींना धाडलेली हाक असते. रक्तात आधीच चरबीकडून आलेली दवंडी घुमत असते, म्हणून हाकेला चटकन ओ मिळते. पेशी येतात, मोडतोड साफ करू लागतात, आणि साफसफाईबरोबर डागडुजीचे द्रव्यही सोडतात. त्या द्रव्याने वण तयार होतो. हाताला कापले तर वण बरा; जखम बुजते आणि काम संपते. पण इथे हाक थांबत नाही, म्हणून वणावर वण चढतो. वणाला गाळता येत नाही. गाळण्या कमी झाल्या की उरलेल्यांवर भार वाढतो, आणि फेरा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

हे सारे पेशींचेच कर्तृत्व कशावरून? २००७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी लठ्ठ, मधुमेही उंदरांच्या एका जातीत एमसीपी-१ हे द्रव्यच नसलेले उंदीर निपजवले. त्यांचा मधुमेह होता तसाच राहिला. मूत्रपिंडे मात्र पुष्कळ वाचली. रोगाचे मूळ तेच, हाक तेवढी बंद केली, आणि नासधूस कमी झाली. माणसात चित्र इतके स्वच्छ दिसत नाही, हेही सांगितले पाहिजे. यांतली बरीच साक्ष उंदरांची आहे, आणि पेशींची गर्दी पांगवणारी औषधे अजून रोजच्या दवाखान्यात आलेली नाहीत.

हे एवढे समजल्यावर मी दादाला उत्तर दिले. आठवड्यातून तीनदा तो डायलिसिसच्या खुर्चीत चार चार तास असतो, तेव्हा बोलावयास वेळ भरपूर असतो. हे यंत्र विलेम कोल्फ यांनी हॉलंडमधील कांपेन गावी, जर्मनांच्या ताब्यातल्या देशात, १९४३ साली प्रथम माणसाला लावले. त्यात सॉसेजवर चढवतात ती सेलोफेनची नळी होती. ते ऐकून दादा म्हणाला, "म्हणजे मी कोल्फसाहेबांच्या उपकारावर जगतोय." मग मी काट्याचे सांगितले. म्हटले, "दादा, तुझ्या अंगात काटा नव्हताच. काटा टोचल्याची खबर तेवढी रोज जात होती. पहारेकरी बिचारे येत राहिले, आणि चोर सापडेना म्हणून घरातच झोंबाझोंबी करीत राहिले."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "खबर किती वर्षे जात होती?"

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, आणि तेच सांगण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. पायांना सूज येण्याच्या नऊ वर्षे आधी, विम्याच्या कामासाठी दादाची तपासणी झाली होती. कागद मीच आणले होते. साखर नाही, हे वाचून मी आनंदले. त्याच कागदावर खाली 'अल्ब्युमिन' या शब्दापुढे एक अधिक चिन्ह होते. मी ते पाहिले होते. वसुबारस दोन दिवसांवर आली होती. सणात कशाला, दिवाळी झाली की विचारू, असे म्हणून मी कागद कपाटात ठेवला. दिवाळी झाली. पुढच्याही आठ दिवाळ्या झाल्या. हे मी दादाला त्या खुर्चीपाशी बसून सांगितले. तो म्हणाला, "तू ठेवलास, मी कधी विचारला नाही. बरोबरी झाली." मला ती बरोबरी वाटत नाही.

'आमच्या घरात कुणी तितके लठ्ठ नाही' असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी पुण्याची एक गोष्ट. के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंची आणि वजन यांचा मेळ घालणारा आकडा दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली, तर युडकिनांची शेकडा ९.१ आणि याज्ञिकांची शेकडा २१.२! याज्ञिकांच्याच पाहणीत पुण्याभोवतालच्या खेड्यांतली नवजात बाळे इंग्लंडातल्या बाळांहून वजनाने बरीच हलकी भरली होती, पण त्यांची चरबी त्या मानाने टिकून होती. काडीसारखे हातपाय आणि पुढे आलेले पोट हे आपल्याकडचे रूप वजनकाट्याला फसवते. म्हणून काट्याबरोबर कमरेला टेप लावावी.

आणि उपाय? वजन थोडे उतरले तरी गुण येतो. २००३ साली स्पेनमधल्या एका पाहणीत वजन शेकडा चारच्या आसपास घटले, तर लघवीतले प्रथिन जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने उतरले. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन काढले गेले. त्याच वंशातल्या आजच्या गोळ्या मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतात आणि मधुमेह नसलेल्यांनाही उपयोगी पडतात, हे २०२० साली सिद्ध झाले. भूक आवरणाऱ्या सेमाग्लुटाइडने मधुमेही रोग्यांत मूत्रपिंडाच्या मोठ्या संकटांचा धोका शेकडा २४ ने कमी केला, हे २०२४ साली दिसले. पण हे सारे वेळेवर कळले तर. वण पडून गेल्यावर तो पुसणारे औषध नाही. आणि वेळेवर कळण्यास ब्राइटसाहेबांच्या चमच्याएवढीच स्वस्त तपासणी पुरते : लघवीतल्या अल्ब्युमिनची.

गेल्या भाऊबीजेला मी दादाला म्हटले, "या वर्षी ओवाळणीत साडी नको. दोन्ही पोरांच्या तपासणीचे कागद घाल." पोरे म्हणजे माझे भाचे, थोरला बेचाळीसचा, धाकटा अडतीसचा. दोघेही मला हसले. पण दादाने तबकात खरोखरच एक पाकीट टाकले. थोरल्याचा आकडा उत्तम होता. धाकट्याचा ३० च्या आत असावयास हवा, तो ५८ होता. साखर नाही, कुठे दुखत नाही, आणि बापासारखाच कमरेचा पट्टा. तोच कागद तीन महिन्यांनी पुन्हा करून पाहिला, तेव्हा ५५ आला. आता तो डॉक्टरांकडे जातो आणि पहाटे टेकडी चढतो.

यंदाही करंज्या केल्या आहेत. धाकट्याच्या ताटात एकच वाढणार आहे. दुसरी त्याने मागितली, तर दादाच त्याला काय सांगावयाचे ते सांगेल.